वाचकांचे प्रश्न : टांगानिका सरोवराची गोगलगाय

मागील अंकात पूर्व आफ्रिकेतील टांगानिका सरोवराविषयी लिहिताना आम्ही ‘निओथॉमा टांगानिसेन्से’ या गोगलगायीचा दोन ओळींत उल्लेख केला होता. ही जाती आज जगात फक्त त्या एका सरोवरात जिवंत आढळते आणि तिचे रिकामे शंख तिथल्या तळावर थरांनी साचलेले असतात, एवढेच त्या ओळींत होते. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : एवढ्या मोठ्या सरोवरातून नद्याही वाहत असतील. मग ही गोगलगाय बाहेर का पसरली नाही? (नाशिक)

टांगानिकाला सरोवर म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येते, ते आधी पुसायला हवे. त्याची लांबी सुमारे 670 किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईहून नागपूरला सरळ रेषेत जेवढे अंतर भरेल जवळपास तेवढी, आणि त्याची कमाल खोली सुमारे 1,470 मीटर आहे. समुद्रसपाटीपासून मोजलेले कळसूबाईचे शिखर त्यात उभे केले, तर माथ्याकडचा पावणेदोनशे मीटरांचा तुकडा तेवढा पाण्याबाहेर राहील. टांझानिया, काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांचे किनारे त्याला लागतात. पृथ्वीचे कवच दुभंगत गेल्याने तयार झालेल्या खचदरीत ते वसले आहे आणि त्याचे वय साधारणपणे 90 लाख ते 1 कोटी 20 लाख वर्षे मानले जाते. आपल्याकडच्या तलावांचे आयुष्य शतकांत मोजावे लागते. येथे मात्र एखाद्या जीवाला पिढ्यान् पिढ्या एकाच पाण्यात राहून स्वतःचा वेगळा वंश घडवायला पुरेसा काळ मिळाला.

बाहेर जाण्याची वाट मात्र अरुंद आहे. सरोवराचे पाणी लुकुगा या एकाच नदीवाटे पश्चिमेला काँगोच्या खोऱ्यात उतरते आणि ती वाटही सदैव मोकळी नसते. एकोणिसाव्या शतकात तिचे मुख गाळाने आणि पाणवनस्पतींनी बुजलेले होते, ते 1878 च्या सुमारास फुटले. शिवाय सरोवराचे पाणी क्षारयुक्त आणि अल्कधर्मी आहे, त्याचा सामू 9 च्या आसपास असतो आणि तापमान वर्षभर फारसे हलत नाही. अशा पाण्यात वाढलेल्या जीवाला नदीचे मऊ, गढूळ, ऋतूप्रमाणे बदलणारे पाणी परकेच वाटणार.

येथे एक दुरुस्ती माझ्याच लिखाणाला करायला हवी. मागच्या वेळी मी ‘ही जाती येथेच जन्मली’ असे सुचवणारी शब्दरचना केली होती. ती नेमकी नव्हती, कारण निओथॉमा प्रजातीचे, म्हणजे या गोगलगायीच्या भाऊबंदांचे जीवाश्म उत्तरेकडे युगांडा आणि काँगोच्या सीमेवरील खचदरीतही सापडलेले आहेत. तिथली तिची सगळी नातेवाईक मंडळी नामशेष झाली. टांगानिकातील जाती ही त्या प्रजातीची आज उरलेली एकमेव जाती आहे, आणि असे उरणे हे एका जागी जन्मण्यापेक्षा फार निराळे असते.

प्रश्न : आमच्या गावच्या तळ्यात बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायी असतात. त्यांचे आणि हिचे काही नाते आहे का? (कोल्हापूर, महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

आहे, आणि बरेच जवळचे आहे. आपण वर्णन केलेली हिरवट-तपकिरी, अंगावर गडद पट्टे असलेली गोगलगाय बहुधा ‘बेलॅमिया बेंगालेन्सिस’ असावी. महाराष्ट्रातील तळी, कालवे आणि संथ ओढे यांत ती सर्रास सापडते. ती आणि निओथॉमा या दोघी ‘व्हिव्हिपॅरिडी’ या एकाच कुळातल्या आहेत. या कुळाच्या नावातच त्याचे वैशिष्ट्य आले आहे: ही कुळी अंडी बाहेर घालत नाही. अंडी मादीच्या शरीरातच वाढतात आणि पाठीवर चिमुकला शंख घेतलेली पिल्ले पाण्यात बाहेर पडतात.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाशी मी अशीच एक गोगलगाय तळ्याच्या पाण्यासकट काचेच्या भांड्यात घरी आणली होती. पहिल्या दिवशी ती मुखावरचे झाकण घट्ट लावून पडून राहिली. शिंगासारख्या चिवट पदार्थाच्या त्या झाकणावर झाडाच्या खोडाच्या कापावर असतात तशी एकात एक वर्तुळे स्पष्ट दिसत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी काचेला मोहरीपेक्षा जरा मोठे असे पाच-सहा दाणे चिकटलेले दिसले. भिंग लावल्यावर कळले की प्रत्येक दाण्याला वेटोळे आहे, दोन स्पर्शिका आहेत आणि तो हळूहळू सरकतो आहे. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण साळसूद दिसणाऱ्या बेरकी माणसासाठी वापरतो, पण या कुळातल्या मादीच्या पोटात खरोखरच पायांसह आख्खी पिल्ले असतात.

आपण जीवशास्त्राच्या विद्यार्थिनी आहात, म्हणून आणखी एक गोष्ट पाहायला सांगतो. गोगलगाय चालत असताना तिच्या दोन्ही स्पर्शिका नीट न्याहाळा. दोन्ही सारख्या आणि निमुळत्या असतील तर ती मादी आहे. उजवी स्पर्शिका आखूड आणि जाडसर असेल तर तो नर आहे, कारण या कुळात नराची उजवी स्पर्शिका समागमासाठी बदललेली असते. निओथॉमाचा शंख आपल्या बेलॅमियापेक्षा बराच मोठा, जवळपास 6 सेंटीमीटर उंचीचा होऊ शकतो. टांगानिकातील गोगलगायींमध्ये ती आकाराने सर्वांत मोठी आहे.

प्रश्न : टांगानिका हा पूर्वी समुद्राचा भाग होता आणि म्हणून तिथल्या गोगलगायी समुद्री शंखांसारख्या दिसतात, असे वाचले होते. ते खरे आहे का? (सातारा)

खरे नाही. मात्र ज्यांनी तसे मानले त्यांच्याकडे तसे मानण्यासारखे कारण होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रिचर्ड बर्टन आणि जॉन स्पीक हे 1858 मध्ये टांगानिकाच्या काठावर पोहोचले. स्पीकने तिथले काही शंख गोळा करून आणले आणि सॅम्युएल वुडवर्ड यांनी 1859 मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे लंडन मिशनरी सोसायटीचे एडवर्ड होर हे दर्यावर्दी सरोवराकाठच्या उजिजी या गावी राहिले. त्यांनी पाठवलेल्या शंखांवरून ब्रिटिश म्युझियममधील एडगर स्मिथ यांनी 1880 मध्ये निओथॉमाला नाव दिले. त्याच संग्रहातल्या ‘टिफोबिया होराय’ या दुसऱ्या गोगलगायीच्या नावात होर यांचे नाव अजूनही आहे. तिच्या पातळ, हलक्या शंखावर लांब काटे असतात. समुद्रकिनाऱ्यावर वाढलेल्या कोणाच्याही हातात तो ठेवला, तर तो गोड्या पाण्यातला आहे यावर त्याचा विश्वास बसणार नाही. इतर कित्येक जातींचे शंख जाड, कंगोरेदार आणि गाठींचे असतात.

जॉन मूर या प्राणिशास्त्रज्ञाने 1890 च्या दशकात तिथे दोन मोहिमा केल्या आणि 1903 मध्ये असे प्रतिपादन केले की हे सरोवर प्राचीन समुद्राचा तुटून राहिलेला तुकडा असून या गोगलगायी त्या समुद्राच्या वारसदार आहेत. लगेचच विल्यम कनिंग्टन यांच्या 1904-05 च्या मोहिमेतून त्याला विरोध झाला, आणि पुढे भूशास्त्राने व अलीकडे जनुकीय अभ्यासाने तो दावा पूर्णपणे बाजूला पडला. या गोगलगायी गोड्या पाण्यातल्याच कुळांच्या आहेत. निओथॉमाचे कूळ वर सांगितलेच, आणि बाकीच्या बहुतेक ‘पॅलुडोमिडी’ या कुळातल्या आहेत, ज्याचे सदस्य आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहेत.

मग शंख समुद्री वळणाचे कसे झाले? सरोवरात गोड्या पाण्यातले खेकडेही आहेत आणि ‘प्लॅटीथेल्फ्यूसा’ नावाच्या त्यांच्या प्रजातीतल्या एका मोठ्या जातीचे नांगे शंख फोडण्याइतके दणकट असतात. तिथल्या शंखांवर पुष्कळदा एक वेडीवाकडी, भरून आलेल्या जखमेसारखी रेघ दिसते. खेकड्याने शंखाची कड तोडत आणली, गोगलगाय आत आक्रसून वाचली आणि तिने तुटलेल्या कडेपासून पुढे पुन्हा शंख बांधत नेला, अशी त्या रेघेची कहाणी असते. लाखो वर्षे खेकडे नांगे बळकट करत गेले आणि गोगलगायी शंख जाड करत गेल्या. समुद्रात जे घडले तेच येथे एका बंदिस्त सरोवरात स्वतंत्रपणे घडले, असे केली वेस्ट, अँड्र्यू कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये दाखवून दिले.

आपण सातारा जिल्ह्यातले आहात, म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. समुद्री वंशाची, पण गोड्या पाण्यात राहणारी गोगलगाय पाहायची असेल तर आफ्रिकेला जायचे कारण नाही. सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर, धबधब्यांच्या तुषारांनी सदा ओल्या राहणाऱ्या कातळांवर ‘क्रेम्नोकॉन्कस’ नावाच्या छोट्या गोगलगायी राहतात. त्यांचे कूळ ‘लिट्टोरिनिडी’, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या खडकांना चिकटून बसणाऱ्या गोगलगायींचे आहे, आणि त्या संपूर्ण कुळात गोड्या पाण्यात शिरलेली ही एकच प्रजाती आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील घाटांपलीकडे ती जगात कोठेही नाही. तिच्यातली ‘कॅरिनेटस’ ही जाती महाबळेश्वरच्या परिसरातली आहे. टांगानिकाच्या गोगलगायी समुद्री दिसतात पण नाहीत, आणि आपल्या क्रेम्नोकॉन्कस अगदी साध्या दिसतात पण त्या खरोखर समुद्राच्या आहेत. घाटातला रस्ता रुंद करताना ज्या ओल्या कातळावर सुरुंग लागतो, त्यावर त्यांची एखादी आख्खी वस्ती असू शकते, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : शंखांचे थर साचतात म्हणजे ते विरघळत कसे नाहीत? आमच्या विहिरीतले शंख काही वर्षांत खडूसारखे ठिसूळ होतात. (रत्नागिरी)

आपल्या निरीक्षणातच उत्तर आहे. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीतले पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे ते शंखातला चुना हळूहळू खात राहते. टांगानिकाच्या वरच्या थरातील पाणी चुन्याने आधीच संपृक्त आहे. त्याला आणखी चुना विरघळवायला जागाच नाही, म्हणून मेलेल्या गोगलगायीचा शंख तळावर तसाच राहतो. उथळ, उताराच्या वाळूच्या तळावर असे शंख गोळा होत जातात आणि कोठे कोठे पाऊल ठेवायला वाळू सापडू नये इतके दाट पसरतात. या थरांतील शंखांचे कार्बन पद्धतीने वय काढले असता ते एका पिढीचे नसून शेकडो वर्षांच्या मुदतीतले एकत्र मिसळलेले असल्याचे दिसले. त्यामुळे आजच्या मृत शंखांकडे पाहून आजच्या जिवंत गोगलगायींची संख्या ताडता येत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. एखाद्या ठिकाणी शंखांचा गालिचा असेल आणि जिवंत गोगलगाय शोधूनही सापडणार नाही, असे होऊ शकते.

प्रश्न : या शंखांत मासे राहतात हे खरे का? (पुणे, जळगाव)

हो, आणि माझ्या मते निओथॉमाचे खरे महत्त्व येथे आहे. सपाट वाळूच्या तळावर लपायला ना खडक असतो ना वनस्पती. तिथे रिकामा शंख म्हणजे बांधून तयार घर. टांगानिकातील सिक्लिड माशांच्या कितीतरी जातींनी आपले सगळे जीवन या घराभोवती बेतले आहे. ‘निओलँप्रोलोगस मल्टिफॅशिएटस’ हा जेमतेम 3-4 सेंटीमीटरचा मासा वाळू तोंडाने उपसून शंख उघडे करतो आणि त्यांच्या वाड्या वसवतो, जिथे एकाच कुटुंबाच्या पिढ्या शेजारी शेजारी राहतात.

‘लँप्रोलोगस कॅलिप्टेरस’ या माशाची गोष्ट आणखी विलक्षण आहे. त्याचा नर शंख तोंडात धरून ओढत आणतो आणि ढीग रचतो, प्रसंगी शेजाऱ्याच्या ढिगातून चोरतो, आणि चोरलेल्या शंखात मादी बसलेली असली तरी त्याला त्याचे काही नसते. माद्या शंखात शिरून अंडी घालतात आणि साधारण दहा ते चौदा दिवस पिल्लांसह आत राहतात. शंख उचलण्यासाठी नराला मोठे व्हावे लागते आणि शंखात मावण्यासाठी मादीला लहान राहावे लागते. त्यामुळे या जातीत नराचे वजन मादीच्या सरासरी बारा पटींहून अधिक भरते. नर मादीपेक्षा इतका अवजड असल्याचे दुसरे उदाहरण प्राणिसृष्टीत शोधून सापडणे कठीण. याच जातीत काही खुजे नरही असतात. ते मादीच्या अंगावरून सरकून शंखाच्या टोकाशी जाऊन बसतात आणि आतूनच अंडी फलित करतात. खुजेपणाचा हा गुण बापाकडून मुलाकडे जातो.

माशाचे शरीर किती मोठे असावे हे एका मेलेल्या गोगलगायीच्या शंखाच्या तोंडाने ठरावे, हे मला प्रत्येक वेळी वाचताना नव्याने थक्क करते.

प्रश्न : गोगलगायींमुळे तिथे रोग पसरतो, म्हणून त्या मारतात का? (लातूर)

आपल्या मनात शिस्टोसोमियासिस हा रोग असावा. त्याचे कृमी ‘बायोम्फॅलेरिया’ आणि ‘बुलायनस’ या वेगळ्या कुळातल्या गोगलगायींमध्ये वाढतात. निओथॉमाचा त्याच्याशी संबंध नाही.

प्रश्न : ही गोगलगाय संकटात आहे का? (मुंबई, बेळगाव आणि एक पत्र मस्कतहून)

तिचे सरोवर संकटात आहे, असे म्हणणे अधिक नेमके होईल. टांगानिकाचे पाणी वर-खाली पूर्ण ढवळले जात नाही. साधारणपणे वरच्या शंभर-दोनशे मीटरांतच प्राणवायू असतो आणि त्याखाली सरोवराच्या तळापर्यंत तो नसतोच. म्हणजे दीड किलोमीटर खोलीच्या या सरोवरात गोगलगायीला राहता येईल असा तळ म्हणजे किनाऱ्यालगतची एक अरुंद पट्टी आहे. हवामान तापत गेले तसे वरचे पाणी अधिक गरम आणि हलके झाले, ते खालच्या थंड पाण्यात कमी मिसळू लागले आणि प्राणवायूची सीमा वर सरकली. अँड्र्यू कोहेन आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्यांनी पाहिलेल्या भागांत 1946 पासून प्राणवायू असलेला तळ सुमारे 38 टक्क्यांनी घटला आहे. पट्टीची खालची कड अशी गेली.

वरची कड गाळाने जाते आहे. सरोवराभोवतीचे उतार तीव्र आहेत. शेतीसाठी आणि सरपणासाठी तिथली झाडे तोडली गेली की पावसाबरोबर माती थेट पाण्यात उतरते, वाळूवर आणि शंखांवर बसते आणि शंखांची तोंडे बुजवते. गाळ बसलेल्या किनाऱ्यांवर गोगलगायींच्या आणि माशांच्या जाती कमी सापडतात, हे 1990 च्या दशकापासून नोंदले गेले आहे. त्या उतारांवर राहणाऱ्या गरीब शेतकऱ्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. लोकसंख्या, युद्धांमुळे झालेली स्थलांतरे आणि जळणाचा तुटवडा यांचा तो एकत्रित परिणाम आहे. चारही देशांनी 2003 मध्ये सरोवराच्या जपणुकीसाठी करार केला आणि त्यातून बुजुंबुरा येथे एक संयुक्त प्राधिकरण उभे राहिले. टांझानियातील महाले राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत किनाऱ्यालगतच्या पाण्याचाही एक पट्टा येतो. वरच्या उतारावर जंगल राखलेले असेल तर खालचे पाणी नितळ राहते, हे तिथे समजून येते.

प्रश्न : माझ्याकडे शंखात राहणारे सिक्लिड आहेत. निओथॉमाचे शंख मिळत नाहीत. काय वापरावे? (ठाणे)

मिळत नाहीत हे उत्तम आहे, आणि मिळाले तरी घेऊ नयेत. सरोवराच्या तळावरून उचललेला प्रत्येक शंख म्हणजे तिथल्या एखाद्या मादीचे घर असू शकते. भातखाचरात आणि तळ्यात सापडणाऱ्या ‘पायला’ या मोठ्या, गोलसर गोगलगायीचे रिकामे शंख चालतात. युरोपातले मासेपालक खाण्याच्या गोगलगायींचे शंख वापरतात, तेही चांगले. शंख रिकामा आहे ना याची खात्री करावी, तो उकळून, आतला सुकलेला भाग काढून, दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून मगच टाकीत ठेवावा. माशांच्या संख्येपेक्षा शंख दुप्पट असले तर भांडणे कमी होतात. नळाचे पाणी मऊ असेल तर वाळूत शिंपल्यांचा चुरा मिसळावा, म्हणजे सामू वर राहील आणि शंखही झिजणार नाहीत.

टाकी मोडायची वेळ आली तर मासे किंवा गोगलगायी खाडीत, नदीत वा तळ्यात सोडू नयेत, दुसऱ्या मासेपालकाला द्याव्यात. टांगानिकाच्या शेजारच्या मलावी सरोवरात ‘मेलानॉइड्स ट्युबरक्युलाटा’ या गोगलगायीचा आशियाई वाण शिरला आहे. दिसायला तो तिथल्या मूळ गोगलगायींसारखाच असल्यामुळे बराच काळ कोणाच्या लक्षात आला नाही. तो वेगळा असल्याचे जनुकीय तपासणी केल्यावर उघड झाले, तोवर सरोवरात त्याचा पुष्कळ प्रसार झालेला होता.